गाठीतलं रक्त मोजणारा उजेड

अभ्रक | रविवार, सकाळी ९:४०

ताईच्या केमोच्या दिवसांत एक प्रश्न डोक्यात बसला, तो अजून निघालेला नाही. ताई म्हणजे माझी थोरली बहीण. आता बरी आहे, म्हणून लिहायचं बळ आलं.

तिच्या स्तनात लिंबाएवढी गाठ होती. डॉक्टरांनी आधी केमो, मग ऑपरेशन असं ठरवलं. दर तीन आठवड्यांनी एक डोस. पहिल्याच डोसनंतर केस गेले, दुसऱ्यानंतर तोंड आलं, जेवण तुटलं. घरात प्रत्येकाच्या तोंडी एकच प्रश्न, गाठ कमी झाली का? डॉक्टर चाचपून बघायचे आणि म्हणायचे, थोडी मऊ लागतेय, सोनोग्राफीत नक्की कळेल. ती सोनोग्राफी झाली चौथ्या डोसनंतर. म्हणजे अडीच-तीन महिने ती ते औषध सोसत होती आणि ते लागू पडतंय की नाही हे कुणालाच ठामपणे सांगता येत नव्हतं. तिला ते लागू पडलं. शेजारच्या खाटेवरच्या बाईंना नाही पडलं, आणि त्यांनाही ते तितक्याच उशिरा कळलं.

मी इन्स्ट्रुमेंटेशनवाला. तीस वर्षं प्रोसेस प्लांटमध्ये गेली. पहिल्याच वर्षी आमच्या फोरमननी एक गोष्ट शिकवली होती: टाकीची पातळी उशिरा बोलते, पाइपातला फ्लो आधी बोलतो. व्हॉल्व्ह अडकला तर पातळी हलायला अर्धा तास जाईल, फ्लोचा काटा मात्र तिथल्या तिथे पडेल. ताईच्या गाठीचा आकार म्हणजे मला ती पातळी वाटायची. मग फ्लो कोण मोजतंय?

शोधायला लागलो. गाठीतला रक्तप्रवाह मोजायच्या पद्धती आहेत. एमआरआयमध्ये गॅडोलिनियमचं इंजेक्शन देऊन मोजतात, सीटीमध्ये आयोडीन देऊन. सगळ्यांत चोख म्हणजे ऑक्सिजन-१५ घातलेलं पाणी वापरून केलेला पेट स्कॅन. त्या ऑक्सिजन-१५चं अर्धं आयुष्य दोन मिनिटांचं, त्यामुळे ते तयार करणारं यंत्र, म्हणजे सायक्लोट्रॉन, अगदी जवळ हवं. यातलं काहीही पेशंटच्या खाटेशेजारी, दर दोन दिवसांनी करता येणारं नाही.

आणि मग सापडला निअर इन्फ्रारेड उजेड. लाल रंगाच्या जरा पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा.

कोविडमध्ये घरोघरी आलेला ऑक्सिमीटर आठवा. जपानमध्ये ताकुओ आओयागी यांनी १९७०च्या दशकात काढलेली ती युक्ती. दोन दिवे असतात, एक साधारण ६६० नॅनोमीटर तरंगलांबीचा लाल आणि दुसरा ९४०च्या आसपासचा अदृश्य. ऑक्सिजन धरून असलेलं हिमोग्लोबिन लाल उजेड कमी शोषतं, ऑक्सिजन सोडून दिलेलं जास्त शोषतं. ९४०ला हे उलटं होतं. दोन्हींच्या तुलनेतून आकडा निघतो. ऑक्सिमीटर मात्र फक्त नाडीबरोबर उसळणाऱ्या धमनीतल्या रक्ताकडे बघतो. गाठीत आपल्याला सगळंच रक्त बघायचंय, केशवाहिन्यांतलं धरून. त्यासाठी दोनाऐवजी अनेक रंग वापरतात. साधारण ६५० ते ९५० नॅनोमीटरचा हा पट्टा म्हणजे शरीराची खिडकीच आहे. त्याच्या अलीकडे रक्त उजेड गिळून टाकतं आणि पलीकडे पाणी गिळतं.

पण हा झाला रंग. रंगावरून कळतं की गाठीत रक्त किती आहे आणि त्यात ऑक्सिजन किती आहे. रक्त वाहतंय किती, हे रंगावरून कळत नाही. साचलेल्या डबक्यातही पाणी भरपूर असतंच.

वाहणं मोजायची रीत वेगळी आहे आणि मला ती फार आवडली. लेझर पॉइंटर भिंतीवर मारला की ठिपक्यात बारीक दाणे दिसतात. त्यांना स्पेकल म्हणतात. भिंतीच्या खडबडीत पृष्ठभागावरून परतलेल्या लहरी कुठे एकमेकींत मिळतात, कुठे एकमेकींना पुसतात, त्यातून ते दाणे पडतात. भिंत हलत नाही, म्हणून दाणेही जागच्या जागी राहतात. आता हाच लेझर शरीरात सोडला आणि वाटेत तांबड्या पेशी धावत असल्या, तर दाण्यांची नक्षी क्षणोक्षणी बदलते. पेशी जितक्या वेगात, तितकी नक्षी लवकर मोडते. त्वचेवर एका फायबरमधून (उजेड वाहून नेणाऱ्या बारीक तंतूतून) लेझर सोडायचा (बहुतेक वेळा ७८५ नॅनोमीटरच्या आसपासचा), दोन-तीन सेंटिमीटर अंतरावरच्या दुसऱ्या फायबरमधून बाहेर येणारे फोटॉन, म्हणजे उजेडाचे कण, एकेक करून मोजायचे, आणि ती चमचम किती मायक्रोसेकंदांत स्वतःला विसरते हे काढायचं. लवकर विसरली तर प्रवाह जास्त.

याला डिफ्यूज कोरिलेशन स्पेक्ट्रोस्कोपी म्हणतात. पेनसिल्वेनिया विद्यापीठात डेव्हिड बोआस, अर्जुन योध आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५मध्ये याचं गणित मांडलं. पुढे २००५मध्ये योध यांच्याच गटातल्या तुर्गुत दुर्दुरान वगैरेंनी स्त्रियांच्या स्तनातल्या गाठींवर ते लावून बघितलं. गाठीत आजूबाजूच्या निरोगी भागापेक्षा प्रवाह जास्त दिसला. सुई नाही, इंजेक्शन नाही, क्ष-किरण नाहीत.

मी डॉक्टर नाही, जीवशास्त्र माझं कच्चं आहे. जाणकारांनी भर घालावी, चूक असेल तिथे दुरुस्त करावं.

चांदणचुरा | रविवार, सकाळी ११:०५

सुरेख लिहिलंय. ताईंना खूप शुभेच्छा.

लेख वाचून दाखवत होते तेव्हा माझी सहावीतली लेक मोबाइलचा टॉर्च तळहाताखाली धरून बसली. हात लालभडक दिसतोय. तिचा प्रश्न जसाच्या तसा देतेय: "उजेड आरपार येतोय तर मग हाडं का दिसत नाहीत?" मला उत्तर देता आलं नाही.

निळीशाई | रविवार, संध्याकाळी ७:३०

चांदणचुरा, तुमच्या लेकीने नेमक्या जागी बोट ठेवलंय. मी अमेरिकेत याच विषयात पोस्टडॉक करते आणि आमचा निम्मा वेळ याच प्रश्नात जातो.

उजेडाच्या वाटेत दोन गोष्टी होतात. एक शोषण, म्हणजे फोटॉन गिळला जाणं. दुसरं विखुरणं, म्हणजे फोटॉनची दिशा बदलणं. निअर इन्फ्रारेडमध्ये शोषण कमी असतं, म्हणून उजेड पलीकडे पोचतो. विखुरणं मात्र प्रचंड असतं. साधारण एका मिलिमीटरच्या प्रवासात फोटॉन आपली मूळ दिशा पार विसरतो. आंबोलीच्या धुक्यात समोरून येणाऱ्या गाडीचे दिवे आठवा. उजेड येतोय हे कळतं, पण दिवा कुठे आहे आणि गाडी केवढी आहे ते कळत नाही. हात म्हणजे तसलं धुकं आहे. शिवाय हाडातूनही हा उजेड जातो, त्यामुळे क्ष-किरणांसारखी हाडाची स्पष्ट सावली पडतच नाही.

हाडातून उजेड जातो हीच गोष्ट या शास्त्राच्या मुळाशी आहे. ड्यूक विद्यापीठातले फ्रान्स योब्सिस यांनी १९७७मध्ये सायन्स या नियतकालिकात दाखवलं की कवटीतून उजेड पाठवून मेंदूतला ऑक्सिजन बघता येतो. त्यांच्याही आधी १९२९मध्ये न्यूयॉर्कच्या मॅक्स कटलर यांनी अंधाऱ्या खोलीत स्तनाखाली दिवा धरून गाठी शोधायचा प्रयत्न केला होता. गाठ काळपट दिसायची, पण कडा इतक्या पुसट असायच्या की ती पद्धत मागे पडली. धुक्याने हरवलं तिला.

पुढे लोकांनी धुक्यातून चित्र काढायचा हट्ट सोडला आणि धुक्याचंच गणित केलं. फोटॉन पाण्यात टाकलेल्या शाईसारखे पसरतात असं धरलं की समीकरणं सुटतात. यात ब्रिटन चान्स यांचं नाव घ्यायलाच हवं. हा माणूस १९५२च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये नौकानयनाचं सुवर्णपदक घेऊन आला आणि नव्वदी ओलांडल्यावरही प्रयोगशाळेत काम करत होता. उजेडाचा अगदी लहान स्पंद सोडायचा आणि फोटॉन किती उशिरा बाहेर पडतात ते मोजायचं, ही वाट त्यांनी रुळवली. फोटॉन उशिरा आला म्हणजे लांबून भटकून आला. त्यावरून किती विखुरलं आणि किती शोषलं हे वेगळं करता येतं.

अभ्रक, एक भर. दोन फायबरमधलं अंतर वाढवलं की खोलवरचं दिसतं. फोटॉनांची वाट केळ्याच्या आकाराची असते आणि ढोबळमानाने अंतराच्या तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत खोली गाठता येते. तीन सेंटिमीटर अंतर ठेवलं तर एक ते दीड सेंटिमीटर. त्याहून फार लांब गेलं की हाती येणारे फोटॉन इतके थोडे होतात की मोजमाप डळमळतं. म्हणून ही पद्धत स्तन, मानेतल्या गाठी, थायरॉइड अशा वरवरच्या जागांसाठी आहे. यकृत किंवा स्वादुपिंडातली गाठ बाहेरून या पद्धतीने बघता येत नाही.

कृष्णाकाठ | सोमवार, सकाळी ८:१५

नमस्कार. मी इथे नेहमी फक्त वाचतो, आज लिहितोय. वडिलांना गालाच्या आतल्या बाजूचा कॅन्सर आहे. तंबाखूचं व्यसन होतं. मानेत गाठ आली आहे, सध्या लाईट चालू आहे. आमच्याकडे रेडिएशनला लाईट घेणं म्हणतात. लेख वाचून वाटलं की हे तेच का? आणि ही तपासणी सांगली-कोल्हापूर-पुण्याकडे कुठे होते का? दुसरं म्हणजे, एका ओळखीच्यांनी इन्फ्रारेडचा पट्टा आणून दिलाय, मानेला बांधा, गाठ विरघळते म्हणाले. बांधावा का?

कोबाल्ट६० | सोमवार, दुपारी १:५०

कृष्णाकाठ, आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर. पट्टा बांधू नका. रेडिएशन चालू असताना मानेची कातडी आधीच भाजल्यासारखी, नाजूक होते. त्यावर उष्णता देणं धोक्याचं आहे. असल्या पट्ट्याने गाठ विरघळत नाही. ज्यांनी दिला त्यांनी मायेपोटी दिला असेल, पण तुम्ही तो बाजूला ठेवा आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांना आजच हे सांगा.

मी रेडिएशन विभागात फिजिसिस्ट आहे. तुमच्या वडिलांना मिळते ती लाईट म्हणजे लिनॅक (किरण तयार करणारं विजेवरचं यंत्र) किंवा कोबाल्ट मशिनमधले प्रचंड ऊर्जेचे किरण. ते पेशींचा डीएनए तोडतात. या धाग्यातला उजेड टीव्हीच्या रिमोटमधल्या दिव्याच्या जातीचा आहे. तो काही तोडत नाही, काही बरंही करत नाही, फक्त मोजतो. नावात दोन्हीकडे लाईट आहे, तेवढंच साम्य.

ही तपासणी मिळते का? नाही. आपल्याकडेच काय, परदेशातही ती नेहमीच्या उपचारांचा भाग झालेली नाही. तिच्या शोधात वडिलांना कुठेही फिरवू नका. चालू असलेली लाईट एकही दिवस न चुकवता पूर्ण करणं हे आत्ता सगळ्यांत मोलाचं आहे. मधे खंड पडला तर गाठीला पुन्हा वाढायला उसंत मिळते.

आता विषय निघालाच आहे तर रेडिएशनवाल्यांना यात एवढा रस का, ते सांगतो. आमच्या किरणांना ऑक्सिजन लागतो. किरणांनी डीएनएवर झालेली जखम ऑक्सिजन असेल तर पक्की होते, नसेल तर बऱ्याच अंशी भरून निघते. ऑक्सिजन नसलेल्या पेशी मारायला अडीच ते तीनपट डोस लागतो. १९५३मध्ये ग्रे आणि सहकाऱ्यांनी रेडिएशनसाठी याचं महत्त्व मांडलं. त्यानंतर दोन वर्षांनी टॉमलिन्सन आणि ग्रे यांनी फुप्फुसाच्या गाठींचे काप बघून दाखवलं की रक्तवाहिनीपासून साधारण दीडशे मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) पुढे पेशी मेलेल्याच असतात, कारण ऑक्सिजन तिथवर पोचत नाही. त्या हद्दीवर जेमतेम जगणाऱ्या ज्या पेशी असतात, त्याच आमच्या उपचारातून वाचतात आणि पुन्हा वाढतात.

म्हणून कुठल्या पेशंटच्या गाठीत रक्त आणि ऑक्सिजन पोचतोय हे कळलं तर आम्हाला हवंच आहे. उंदरांवर याचे सुंदर प्रयोग झालेत. टेक्सासमध्ये हानली लिऊ, राल्फ मेसन आणि सहकाऱ्यांनी २०००च्या सुमारास गाठ असलेल्या उंदरांना शुद्ध ऑक्सिजन किंवा कार्बोजेन हुंगायला दिला (कार्बोजेन म्हणजे ९५ टक्के ऑक्सिजन आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइड) आणि निअर इन्फ्रारेडने गाठीवर नजर ठेवली. गाठीतलं ऑक्सिजनयुक्त हिमोग्लोबिन एका चालीने वाढलं नाही. आधी मिनिटाभरात झटकन उसळी, मग कितीतरी वेळ संथ चढ. त्यांनी अर्थ लावला की एकाच गाठीत दोन वस्त्या आहेत. एकीला रक्ताचा चांगला पुरवठा आहे, दुसरीला रडतखडत. शहरात एका भागात नळाला पाणी लगेच येतं आणि टोकाच्या गल्लीत दोन तासांनी, तसं.

माणसांमध्ये, आणि नेमकं तुमच्या वडिलांसारख्या पेशंटमध्ये, २००६मध्ये एक छोटा अभ्यास झाला. उलास सुनार आणि सहकाऱ्यांनी आठ जणांच्या मानेतल्या गाठींचा प्रवाह केमो-रेडिएशन चालू असताना दर आठवड्याला मोजला. पहिल्या आठवड्यात सरासरी प्रवाह निम्म्याहून थोडा अधिक वाढला आणि दुसऱ्यात खाली आला. गाठीचा आकार तेव्हा फारसा बोलतही नसतो. पण माणसं आठच होती, आणि प्रत्येकाची चाल निराळी.

वडिलांच्या तोंडाची काळजी घ्या, वजन आठवड्याला बघा, गिळणं अवघड झालं तर जेवणाच्या नळीला घाबरू नका. काहीही विचारायचं असेल तर इथे विचारा.

कृष्णाकाठ | सोमवार, दुपारी ३:२०

मनापासून आभार सर. पट्टा परत केला. डॉक्टरांना फोन करून सांगितलं.

पिंपळपान | सोमवार, रात्री ९:००

कॉलेजात जीवशास्त्र शिकवते, त्या बाजूने थोडं. वाचताना कुणालाही प्रश्न पडेल की गाठीत प्रवाह जास्त मग ऑक्सिजन कमी कसा?

ज्यूडा फोकमन यांनी १९७१मध्ये मांडलं की गाठ एक-दोन मिलिमीटरच्या पुढे वाढायची तर तिला स्वतःच्या नव्या रक्तवाहिन्या लागतात, आणि ती शरीराला निरोप धाडून त्या उगवून घेते. पण या वाहिन्या घाईत उगवलेल्या असतात. निरोगी अवयवात धमनी, केशवाहिनी, शीर असा क्रम असतो, तो इथे नसतो. वाहिन्या वाकड्यातिकड्या असतात, कुठे फुगलेल्या, कुठे अचानक बंद. भिंती गळक्या असतात, त्यामुळे द्रव बाहेर झिरपतो. लसिकावाहिन्या तो द्रव उपसत नाहीत आणि आतला दाब वाढून वाहिन्याच दबतात. भरपूर रक्त येतं, पण बरंचसं आडवाटेने निघून जातं आणि पेशींपर्यंत पोचत नाही. त्यातून औषधही पोचत नाही.

मूळचे भारतातले, आयआयटी कानपूरमध्ये शिकलेले आणि पुढे हार्वर्डमध्ये काम केलेले राकेश जैन यांनी २००१मध्ये यावर एक उलट वाटणारा विचार मांडला. वाहिन्या तोडणारं औषध मोजक्या प्रमाणात दिलं तर आधी फाजील वाहिन्या झडतात, उरलेल्या सुधारतात, आणि काही दिवस गाठीतला पुरवठा उलट नीट होतो. त्या काही दिवसांत केमो किंवा रेडिएशन दिलं तर ते जास्त पोचेल.

आता अभ्रक यांनी सांगितलेल्या उपकरणाचं महत्त्व बघा. ते मोजके चांगले दिवस कधी सुरू होतात आणि कधी संपतात हे प्रत्येकात वेगळं. ते ओळखायला रोज मोजता येणारं काहीतरी हवं. रोज एमआरआय कोण करणार?

मोगरा | मंगळवार, सकाळी १०:२५

मी या वाटेने गेलेली आहे. नऊ वर्षं झाली. अभ्रक, तुमच्या ताईंच्या शेजारच्या खाटेबद्दल वाचताना थांबावं लागलं.

एक प्रश्न आहे. पहिल्या डोसच्या दुसऱ्या दिवशी मला कुणी सांगितलं असतं की औषध लागू पडत नाही, तर मी काय केलं असतं? औषध बदललं असतं का? आणि उजेडाने चुकीचं सांगितलं असतं तर? लागू पडणारं औषध मी दुसऱ्याच आठवड्यात सोडून दिलं असतं. हे कोण तोलणार?

निळीशाई | मंगळवार, संध्याकाळी ६:४५

मोगराताई, आमच्या क्षेत्राला विचारायला हवा तोच प्रश्न तुम्ही विचारलात. आकड्यांनिशी उत्तर देते.

२०११मध्ये कॅलिफोर्नियाच्या अर्व्हाइनमधून डॅरेन रोब्लायर, ब्रूस ट्रॉमबर्ग आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास आला. २३ स्त्रिया, २४ गाठी. केमोचा पहिला डोस दिला आणि दुसऱ्याच दिवशी उजेडाने मोजलं. पुढे ज्यांच्या गाठी पूर्ण किंवा अंशतः गेल्या (अनुक्रमे आठ आणि अकरा), त्यांच्यात त्या दुसऱ्याच दिवशी ऑक्सिजनयुक्त हिमोग्लोबिनचा भडका उडाला होता. ज्या पाच गाठींवर परिणाम झाला नाही, त्यांत भडका नव्हता, उलट घट होती. पेशी मरू लागल्यावर शरीर तिथे जी सूज आणि रक्ताची धाव आणतं, ती ही खूण असावी असा तर्क आहे. वाचून आम्ही सगळे हरखलो होतो.

मग अनेक रुग्णालयांत मिळून मोठी चाचणी झाली, ॲक्रिन ६६९१ नावाची. निकाल २०१६मध्ये आला. ६० जणी सहभागी झाल्या, त्यांतल्या ३४ जणींची माहिती मुख्य प्रश्नासाठी पूर्ण मिळाली. उपचारांच्या मध्यावर केलेल्या मोजमापावरून कुणाची गाठ पूर्ण जाईल हे ओळखायचं होतं. अशा ओळखीला ० ते १ असे गुण देतात. ०.५ म्हणजे छापा-काटा, १ म्हणजे अचूक. सगळ्या मिळून गुण आले ०.६०. ज्यांच्या गाठीत सुरुवातीलाच ऑक्सिजन जास्त होता, त्या निम्म्या जणींमध्ये ०.८३.

०.६० वर कुणाचं औषध बदलता येणार नाही. बदलूही नये. ०.८३ आशा वाढवतं, पण ते सतरा जणींवर आधारलेलं आहे. आणि नुसतं लवकर कळणं पुरेसं नाही. लवकर कळल्यामुळे औषध बदललं आणि त्यामुळे बाई जास्त जगली, हे वेगळ्या चाचणीने दाखवावं लागतं. म्हणून तुम्हाला त्या वेळी कुणी असं सांगितलं असतं, तर डॉक्टरांनी केवळ त्यावर निर्णय घेतला नसता, आणि ते बरोबरच ठरलं असतं.

तरीही मी हे काम करते, कारण पहिल्या आठवड्यात गाठीत काहीतरी घडतं हे खरं आहे आणि ते उजेडाला दिसतं हेही खरं आहे. नेमकं कुणात, कधी, किती, हे अजून पक्कं करायचंय.

अभ्रक | मंगळवार, रात्री ९:१०

निळीशाई, माझ्या लेखात आशेचं पारडं जड झालं होतं, तुम्ही ते सरळ केलंत. प्लांटमध्येही नवीन मीटर बसवला की सहा महिने जुन्या मीटरशेजारी चालवायचो. आकडा दिसला म्हणून लगेच व्हॉल्व्हला हात लावायचा नाही, हा नियमच होता.

एक तांत्रिक शंका. फ्लो मीटरला कॅलिब्रेशन लागतं. इथे प्रवाहाचं एकक काय?

निळीशाई | मंगळवार, रात्री ११:५५

दुखऱ्या जागी हात ठेवलात. जो आकडा येतो त्याला रक्तप्रवाह निर्देशांक म्हणतात आणि त्याचं एकक सेंटिमीटर वर्ग प्रति सेकंद असं विचित्र आहे. शंभर ग्रॅम ऊतीला मिनिटाला इतके मिलिलिटर रक्त, असं थेट मिळत नाही. म्हणून बहुतेक वेळा त्याच माणसाचं कालचं आणि आजचं मोजमाप ताडून बघतो, किंवा गाठीची बाजू आणि निरोगी बाजू.

कागदावर छापून येत नाही अशी एक अडचण सांगते. हात. प्रोब, म्हणजे फायबर बसवलेला त्वचेवर धरायचा भाग, जरा जास्त दाबून धरला तर खालचं रक्त बाजूला सरतं आणि प्रवाह कमी दिसतो. गाठ तीच, पेशंट तीच, फक्त धरणाऱ्याचा अंगठा जड. आमच्याकडे नवा विद्यार्थी आला की त्याला आधी स्वतःच्या दंडावर तासभर प्रोब धरायला लावतात, आकडा स्थिर येईपर्यंत. अल्ट्रासाऊंडच्या प्रोबमध्येच हे फायबर बसवायचे प्रयत्न त्यासाठीही चांगले वाटतात. गाठ कुठे आहे ते ध्वनी दाखवतो आणि आतलं रक्त उजेड मोजतो. युरोपात थायरॉइडच्या गाठींसाठी लुका नावाच्या प्रकल्पात असं यंत्र बनवलं गेलं.

सातपुडा | बुधवार, दुपारी १२:३०

वाचतोय. आमच्यासारख्या सावळ्या, काळ्या कातडीवर हे कसं चालेल? ऑक्सिमीटरबद्दल कोविडच्या काळात असं काही वाचलं होतं.

निळीशाई | बुधवार, संध्याकाळी ७:२०

बरोबर वाचलंत. अमेरिकेत २०२०च्या शेवटी प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की ऑक्सिमीटर ठीक आकडा दाखवतोय, पण धमनीतला ऑक्सिजन खरं तर घातक कमी आहे, असं कृष्णवर्णीय पेशंटमध्ये गोऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट वेळा घडत होतं.

मेलॅनिन उजेड शोषतं, लालकडे जास्त आणि पुढे इन्फ्रारेडकडे जाताना कमी कमी. त्यामुळे रंगावरून काढलेल्या ऑक्सिजनच्या आकड्यात चूक शिरू शकते. प्रवाहाचं मोजमाप उजेड किती आला यापेक्षा तो किती लवकर बदलतो यावर उभं आहे, त्यामुळे तिथे धोका कमी. पण फोटॉनच कमी आले तर आकडा थरथरतो. या विषयातले मी वर दिलेले अभ्यास अमेरिकेतले आहेत. आपल्या कातडीसाठी आपल्याच पेशंटवर मोजावं लागेल, दुसरा उपाय नाही.

कोबाल्ट६० | बुधवार, रात्री १०:०५

त्याला जोडून. आपल्याकडे हे अगदीच परकं नाही. मुंबईच्या आयआयटीत स्पेकलवरून खोलवरचा रक्तप्रवाह मोजण्यावर काम चालतं. खारघरला टाटा मेमोरियलच्या ॲक्ट्रेक या संशोधन केंद्रात तोंडाच्या कॅन्सरवर रामन स्पेक्ट्रोस्कोपीचं काम झालंय. तो उजेड रक्त मोजत नाही, पेशींतले रेणू ओळखतो, पण तोही सुईशिवायच. आणि निअर इन्फ्रारेडचा एक भाऊ आपल्या ऑपरेशन थिएटरांत केव्हाच आलाय, इंडोसायनिन ग्रीन. अमेरिकेत १९५९पासून मान्यता असलेलं हे हिरवं औषध शिरेतून दिलं की खास कॅमेऱ्यात रक्त पोचलेला भाग चमकतो. जबड्याच्या ऑपरेशननंतर मांडीचा किंवा हाताचा तुकडा जोडतात, त्याला रक्त मिळतंय का हे सर्जन त्यात बघू शकतात.

तोंडाचे आणि मानेचे कॅन्सर आपल्याकडे इतके आहेत आणि मानेतली गाठ कातडीखाली एखाद्या सेंटिमीटरवर असते. या उजेडाला याहून सोयीची जागा नाही. अशी चाचणी इथे व्हावी असं मला फार वाटतं. आमच्या विभागात कुणी घेऊन आलं तर मी रविवारीही येऊन उभा राहीन.

चांदणचुरा | शनिवार, सकाळी ९:३०

अभ्रक यांच्या लेखातला भिंतीवरचा लेझर लेकीने करून बघितला. आधी मी तिला बजावलं की डोळ्यांत कुणाच्याही मारायचा नाही आणि चकचकीत भांड्यावरही नाही. भिंतीवर दाणे स्वच्छ दिसले. मग तिच्याच मनात आलं, आणि तिने वाटीतल्या दुधावर मारला. दाणे गायब, नुसता गुळगुळीत लाल ठिपका. ती म्हणाली, आई, दूध हलतंय, म्हणून नक्षी पुसली गेली. वाटी तर टेबलावर स्थिर होती.

काल रात्री त्याच दुधाला विरजण लावलं. आज सकाळी उठल्या उठल्या दात न घासता तिने दह्यावर लेझर मारला. दाणे परत आलेत. भिंतीइतके ठाम नाहीत, जरा थरथरतात, पण आहेत. आता ती मला विचारतेय की दही लागताना मधेच कधी ते दिसायला लागले असतील, आणि आज रात्री दर तासाला उठून बघू का.

निळीशाई | शनिवार, रात्री ८:१५

उठू द्या तिला. दूध कधी घट्ट व्हायला लागलं हे याच पद्धतीने चीज आणि दह्यावरच्या संशोधनात मोजतात. वहीत दोन रकाने करायला सांगा, वेळ आणि दाणे कसे दिसले. लेझर आणि वाटीमधलं अंतर दर वेळी तेवढंच ठेवायचं आणि वाटीला हात लावायचा नाही. वहीच्या पानाचा फोटो इथे टाकाल का?